फुकटचा पांढरा रंग

माझ्या धाकट्या बहिणीला एका शेडवाल्याने फसवलं. सौदा मी केला होता, पैसे मी दिले होते, पण फसली ती. कारण त्या छताखाली रेशमाच्या अळ्या तिच्या होत्या आणि गेलं ते नावही तिचं. लोक मला म्हणतात, शेठ, सोडून द्या आता. मी सोडणारा माणूस नाही. गुलमंडीत दुसऱ्याच्या दुकानात कापडाचे गठ्ठे डोक्यावर वाहून मी सुरुवात केली. आज त्याच बाजारात शाळेच्या गणवेशाच्या कापडाचं माझं स्वतःचं दुकान आहे. सोडून देत गेलो असतो तर अजून गठ्ठेच वाहत असतो.

बहिणीचं सासर वेरूळच्या रस्त्यावर, लेण्यांच्या अलीकडच्या एका गावात. मेहुणे वाळूजला कंपनीत पाळीवर. जमीन दोन भावांची एकत्र, आणि एकत्र जमिनीत जे होतं तेच तिथंही: चालायचं थोरल्या दिराचं. माणूस वाईट नाही. पण त्याच्या डोक्यात आल्याचं पीक बसलेलं. आजूबाजूच्या गावांत लोकांनी आल्याच्या पैशावर पक्की घरं बांधली, तेव्हापासून त्याला विहिरीजवळचं प्रत्येक रान आल्याचंच दिसायचं. बहिणीने भांडून त्यातला एक तुकडा तुतीला मिळवला होता. तुती लावली, शेड उभं केलं आणि चॉकी सेंटरमधून, म्हणजे अंडी उबवून देणाऱ्यांकडून, लहान अळ्या आणून ती त्या कोष होईपर्यंत सांभाळू लागली. पावसाळ्यात, हिवाळ्यात तिचे कोष चांगले उतरायचे. जालन्याच्या बाजारात तिच्या मालाला हात लावून बघणारे व्यापारी दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत.

अडायचं ते उन्हाळ्यात. रेशमाच्या अळीचं एक आहे, माणसाला पंख्याशिवाय जिथं निवांत बसवतं, तिथंच तिला बरं वाटतं. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात असं ठिकाण वेरूळच्या लेण्यांत सापडेल, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. दोन उन्हाळे तिची बॅच अर्धी गेली. मग थोरल्या दिराने जेवता जेवता सांगून टाकलं.

"बाई, यंदाची उन्हाळी बॅच निघाली तर तुती ऱ्हाईल. नाय निघाली तर मी रान नांगरतो. आलं लावायला मला वेळेत रान पाहिजे."

"अन् मंग मी काय करू?"

"स्वयंपाक करा की. घरच्या बाया काय करतात?"

तिने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, छताचं काहीतरी कर. बाकीचं मी बघते."

तेव्हा शहरात शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं त्या शेडवाल्याची टपरीएवढी जागा, आणि जागेत लोकांची ही गर्दी. त्याने खाटेएवढी एक लाकडी पेटी मांडली होती, समोरून काच. पेटीत वर एक पत्रा, त्याच्यावर तापवायची तार. खाली वितभर अंतरावर दुसरा पत्रा. मधली पोकळी चारी बाजूंनी बंद. त्या पोकळीत त्याने अगरबत्तीचा धूर सोडला आणि वरचा पत्रा तापवला.

"बघा मंडळी," तो म्हणाला, "गरम हवा वर जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. आता इथं गरम वरच आहे. मग हवेला जायला जागा आहे का? नाही. हवा निवांत पडून राहते."

खरंच, धूर थरासारखा पडून होता. हलेना.

"म्हणजे उष्णता खाली यायला नको. येते का?" त्याने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हात धरून पेटीच्या तळाशी, खालच्या पत्र्याखाली लावला. म्हातारबाबांनी चटकन हात काढला.

"आरं, भाजतंय की!"

"हवा हललीच नाही, मग भाजलं कशानं?" शेडवाला सगळ्यांकडे बघत हसला. "उष्णता हवेच्या पाठीवर बसून येत नाही बाबा. चुलीपुढं बसल्यावर तोंड भाजतं, ते हवेनं भाजतं का? ती आपले किरण सोडते. मधली हवा नुसती बघत बसते. आता हा खालचा पत्रा काळा रंगवलेला आहे. तो सगळे किरण पिऊन घेतो. पेटीच्या बाजूच्या भिंतीही पितात. थोडं थांबा."

थोड्या वेळाने बघतो तर धूर कडेकडेने वर चढू लागला. भिंती तापल्या होत्या, आणि भिंतीला लागलेली हवा तापून उचलली जात होती. पडून राहिलेली हवा बघता बघता गोल फिरू लागली. कोणी फुंकर घातली नव्हती, पंखा नव्हता. मी काचेला नाक लावून बघत राहिलो. एवढ्या बंद जागेत आतल्या आत असा गोंधळ चालतो, हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग त्याने काळा पत्रा काढून आरशासारखा चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा घातला. तेवढीच तार, तेवढाच वेळ. म्हातारबाबांनी पुन्हा हात लावला आणि लावूनच ठेवला.

"आता गार हाय."

"हा किरण पीत नाही, परत लावतो. स्वतःही खाली सोडत नाही. हीच युक्ती आहे. वर तुमचे नेहमीचे पत्रे, खाली हे, मधे बंद पोकळी. पण एक सांगतो," तो म्हणाला, "या चमकेला हात लावू नका, तेल-धूळ बसू देऊ नका. चमक गेली की काम गेलं."

हे वाक्य त्याच्या तोंडचं आहे. मी त्याच्या समोर उभा राहून ऐकलंय.

मी त्याला बाजूला घेतलं आणि भाव सुरू केला. माझ्याशी भाव करणं सोपं नाही, हे मी अभिमानाने सांगतो. त्याने आकडा सांगितला, मी हसलो. त्याने कमी केला, मी घड्याळ बघितलं. त्याने आणखी कमी केला, मी उठून चालायला लागलो. दोन दुकानं पुढे गेल्यावर त्याचीच हाक आली.

"शेठ, या बसा. तुम्ही तर रक्त काढता."

"रक्त काढत नाही, भाव काढतो. कापडात आयुष्य गेलंय."

"आता याच्या खाली माझं मरण आहे."

"बरं, तुमचं मरण नको. ठरलं. आता वरून काय?"

बाजारात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. भाव ठरला की वरून काहीतरी घ्यायचं असतं. भाजीवर कोथिंबीर, गणवेशाच्या कापडावर मोजे. वरून न घेता उठलो तर समोरचा मनात हसतो की गिऱ्हाईक कच्चं होतं. माझ्या पहिल्या मालकाने मला हे शिकवलं आणि मी माझ्या नोकरांना शिकवतो.

शेडवाल्याने पेटीवर बोटं वाजवली. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"चला, तुमच्यासाठी. सगळ्या पत्र्यांना पांढरा रंग मारून देतो. दोन्ही बाजूंनी. पांढरं म्हणजे आणखी गार. लोक उन्हाळ्यात गच्चीला चुना मारतात ना?"

मारतात. मीसुद्धा माझ्या गच्चीला मारतो. पेटीत काळा पत्रा भाजत होता, मग पांढरा त्याच्या उलट, असं मीच काय, तिथं कोणीही समजलं असतं. मी हात पुढे केला. पण माल पास करताना कापडवाल्याची एक सवय असते, नमुन्यावर खूण करायची. मी खिशातून किल्ली काढली, पेटीतल्या त्या चकचकीत पत्र्याच्या कोपऱ्यावर एक आडवी रेघ ओढली.

"हा पत्राही मला पाहिजे. असाच. याच्यावर रंग नको. बाकीचे याच्यासारखे आहेत का, ते मी नंतर मिळवून बघणार."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"माझा माझ्या बापावरही नव्हता."

तो मोठ्याने हसला. मीही हसलो.

छत बसवलं तेव्हा माझ्या दुकानात शाळांच्या आगाऊ ऑर्डरींचे दिवस होते, मी जाऊ शकलो नाही. बहिणीने फोटो पाठवले. पांढरं, स्वच्छ, दवाखान्यासारखं छत. दाराजवळ एक पत्रा तेवढा चमकत होता, माझी खूण असलेला. मी बायकोला फोटो दाखवून म्हणालो, बघ, याला सौदा म्हणतात.

अळ्या आल्या. पहिले दिवस ठीक गेले, लहान अळ्या थोडा ताप सोसतात. चौथी कात टाकून झाली की अळी बोटाएवढी होते आणि राक्षसासारखी खाते. खरी परीक्षा तेव्हाच असते. नेमकी तेव्हाच ऊन तापलं. बहिणीचा फोन आला. आवाज खालच्या पट्टीत.

"भाऊ, छत तापतंय."

"पत्रा आहे, थोडं तापणारच."

"थोडं नाय. इकडं ये तू."

मी दुपारीच निघालो. शेडचं दार उघडून आत गेलो तर आधी बरं वाटलं. बाहेरच्या झळा नव्हत्या, खिडक्यांना माशा अडवणारी जाळी आणि जाळीवर ओली पोती. भिंतीवरचं तापमानयंत्र फार काही बोलत नव्हतं. मी म्हणालो, "एवढं काय वाईट नाही."

"तिथं उभं नको राहू. इथं ये. हात असा धर." तिने माझा तळवा वर करून मधल्या रॅकवर, अळ्यांच्या उंचीवर धरला.

तळहातावर जणू कोणी तापलेली परात पालथी धरली होती. हवा तीच, जागा तीच. हाताची मागची बाजू गार आणि तळवा तापलेला. अळ्या उघड्याच पडलेल्या असतात, त्यांना सावली कुठली? त्यांचं सगळं अंग त्या छताकडे तोंड करून होतं.

"सकाळपास्नं खाणं कमी झालंय," ती म्हणाली. "आवाज ऐक."

मोठ्या अळ्या पाला खातात तेव्हा शेडभर सतत करकर चालते. मी पूर्वी ऐकली होती. त्या दिवशी मधेमधे शांतता होती, आणि ती शांतता मला ऐकवेना.

आम्ही पोती ओली करत होतो. जमिनीवर, रॅकच्या खाली, सगळीकडे. पाणी टाकावं आणि बघता बघता पोतं करडं होऊन वाळावं. खाली जमीनसुद्धा ऊन झाली होती. मला ते कळेना. गरम तर वर आहे, हवेने गरम वरच राहायला पाहिजे, मग जमीन तापते कशी? तेवढ्यात दाराजवळून फिरताना माझा पाय गार पोत्यावर पडला. मी थांबलो. तिथलं पोतं ओलंच होतं.

"हे आत्ता भिजवलंस?"

"नाय. सगळ्यात आधी तिथूनच सुरुवात केली होती."

मी वर बघितलं. माझ्या खुणेचा पत्रा. आणि त्याच्या खालच्या रॅकमध्ये, फक्त तेवढ्याच भागात, करकर चालू होती. अळ्या डोकी हलवत पाला खात होत्या. हातभर पलीकडे, पांढऱ्या पत्र्याखाली, त्या लुळ्या पडल्या होत्या. जणू मधून कोणी रेघ मारली होती.

बहीण ते बघत उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊ, रंग कुणी सांगितला होता?"

"फुकट दिला त्यानं."

"फुकट!" ती एवढंच म्हणाली. पण बहिणीच्या तोंडून तो शब्द कसा निघतो, हे भावालाच कळतं.

मला पेटी आठवली. काळा पत्रा किरण पितो. चमकणारा परत लावतो. पांढऱ्याचं काय, हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. पांढरा रंग उन्हाला परत लावतो, कारण ऊन डोळ्यांना दिसणारं आहे. त्या बंद पोकळीत ऊन कुठलं? तिथं तापलेल्या लोखंडाची झळ आहे, आणि त्या झळेला काळा काय, पांढरा काय, रंग तो रंगच. वरचा पत्रा झळ सोडतो, खालचा पांढरा ती पितो आणि तापून तीच खाली अळ्यांवर, जमिनीवर सोडतो. तापलेली जमीन मग खालची हवा उचलते आणि शेडभर फिरवते. पेटीतला धूर फिरला होता तसाच आता बहिणीच्या शेडमध्ये ताप फिरत होता.

मी शेडवाल्याला फोन लावला. तो आला, हे कबूल करतो. पण आला तो थोरल्या दिराला रस्त्यात भेटून, त्याच्यासोबतच. शेडमध्ये शिरला, छताकडे बघितलंही नाही, सरळ खिडकीपाशी गेला.

"अहो, खिडक्या बंद! हवा खेळती नको का? बाई, हे असं कोंडून ठेवलं तर लेण्यातली मूर्तीसुद्धा घामाघूम होईल."

"बाहेर लू चाललीय," बहीण म्हणाली. "उघडल्या तर आणखी मरतील."

"तुम्हाला अनुभव कमी आहे ताई."

थोरला दीर दारातूनच म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं का? घरात ऱ्हायचं सोडून..."

बहिणीचा चेहरा मी त्या दिवशी बघितला, तसा पुन्हा बघायचा नाही मला. तिने दिवसरात्र कष्ट केलेल्या जागेत, तिच्याच समोर, दोन पुरुष तिच्या चुका मोजत होते आणि त्यातला एक खोटं बोलत होता. माझं डोकं गेलं.

"खिडक्या राहू द्या," मी म्हणालो. "हा एक चमकणारा पत्रा आणि त्याच्या शेजारचा पांढरा, दोन्हींच्या खाली हात धरा."

"शेठ, हाताने कुठे तपमान मोजतात?"

"प्रदर्शनात म्हातारबाबांचा हात धरून मोजत होता तेव्हा चालत होतं?"

दीर हसला. शेडवाल्याने घड्याळ बघितलं, गाडी काढली आणि गेला.

मी शिडी मागवली. कापडाचा धंदा करणारा माणूस कापडाची सुलटी बाजू शेवटी बघतो. आधी उलटी. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: दोन्ही बाजूंनी रंग. जी बाजू पोकळीकडे आहे, जी कधी कुणाला दिसणार नाही, त्या बाजूला फुकट रंग कोण मारतं? फुकट देणारा माणूस दिसेल तिथं देतो. आम्ही मोजे देतो तेसुद्धा पिशवीच्या वर ठेवून देतो.

एक पांढरा पत्रा स्क्रू काढून खाली घेतला. वरची बाजू पांढरीच, पण गुळगुळीत नव्हती. रंगाखाली काहीतरी उठलेलं होतं. मी खिशातल्या किल्लीने खरवडलं. रंगाचा पोपडा निघाला आणि खाली लाल निघालं. बहिणीने विळा आणला. आम्ही दोघांनी खरवडलं. आधी एक मोठं 'वा' निघालं, मग 'ता', मग 'नु'. कुठल्यातरी मंगल कार्यालयाचा जुना बोर्ड होता. वातानुकूलित हॉल. तो कापून, दोन्ही बाजूंनी पांढरा करून माझ्या बहिणीच्या अळ्यांवर टाकला होता. दुसरा पत्रा काढला, त्यावर नवरा-नवरीचे कापलेले पाय.

बहीण हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "एसी हॉलमधी मेल्या रे माझ्या अळ्या," ती म्हणाली. मग तिचं हसणं थांबलं आणि तिने पदर तोंडावर घेतला.

म्हणजे तो वरून द्यायला तयार झाला, चेहरा मोकळा झाला, ते यासाठी. नवीन चकचकीत पत्र्यांच्या भावात भंगारातले बोर्ड बसवायचे होते, पण बोर्डावरची अक्षरं कशी लपवणार? ती लपवायची वाट मी स्वतः मागून दिली, आणि त्याने ती भेट म्हणून बांधून परत दिली. खुणेचा पत्रा मात्र त्याला बदलता आला नाही.

उरलेल्या दिवसांत आम्ही जे जमलं ते केलं. छताखाली पोत्यांचं दुसरं छत बांधलं, पाण्याने भिजवत राहिलो. जगलेल्या अळ्या दाराकडे सरकवल्या. दाटीने, पण खात होत्या. बाकीच्या काळ्या पडल्या, त्यांच्या तोंडातून पाणी सुटलं. बहिणीने त्या स्वतःच्या हाताने टोपल्यांत भरल्या आणि दूर खड्ड्यात चुना टाकून पुरल्या, रोग पसरू नये म्हणून. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू नको. तू दुकानात जा."

"माझ्यावर राग आहे का तुझा?"

"सौदा जिंकला होतास ना तू? मंग हरलं कोण, तेवढं सांग."

मी तिला उत्तर दिलं नाही. आजही देणार नाही, कारण उत्तर द्यायचं ते शेडवाल्याने. भाव कमी करणं हा गुन्हा नाही. परवडत नसेल तर नाही म्हणावं. मी रोज वीस गिऱ्हाइकांना नाही म्हणतो. हो म्हणायचं आणि मग मालात उट्टं काढायचं, याला धंदा म्हणत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या वर्कशॉपवर गेलो. सोबत तो खरवडलेला बोर्ड आणि दुकानातली इस्त्री. चार-पाच कामगार होते, दोन गिऱ्हाइकं खुर्च्यांवर. मी बटण शोधलं, इस्त्री लावली, कडक तापू दिली.

"शेठ, काय चाललंय?"

"तुमची पेटी नव्हती, म्हणून माझी आणली."

चमकणाऱ्या पत्र्याचा एक तुकडा त्याच्याच ढिगातून उचलला. एका गिऱ्हाइकाला म्हणालो, भाऊ, याच्या खाली हात धरा. वरून बोटभर अंतर ठेवून इस्त्री धरली. तो म्हणाला, काही नाही लागत. मग सोबत आणलेल्या बोर्डाचा न खरवडलेला पांढरा भाग. "हां, आता येतंय," तो म्हणाला, "अरे, चांगलंच येतंय!" आणि हात काढला.

"आता तुम्ही धरा," मी शेडवाल्याला म्हणालो.

त्याने हात पाठीमागे घेतला. कामगार एकमेकांकडे बघत होते.

"शेठ, रंग तुम्हीच मागितला होता."

"मी वरून काहीतरी मागितलं होतं. रंग तुम्ही काढलात. चमक गेली की काम गेलं, हे वाक्य कुणाचं?"

"तुम्ही भाव असा पाडला की..."

"की तुम्ही माझ्या बहिणीच्या डोक्यावर लग्नाचा बोर्ड टांगला?"

एक कामगार फिसकन हसला. शेडवाला लाल झाला. त्याने मला दंडाला धरून आत केबिनमध्ये नेलं, पाणी दिलं, आवाज खाली आणला. सगळे पत्रे बदलून देतो म्हणाला. वर पैसे परत देतो म्हणाला. वरून चहा मागवला. मी आयुष्यात पैसे परत देणाऱ्याला कधी नाही म्हणालो नव्हतो.

"एकच करा," मी म्हणालो. "माझ्या गाडीत बसा. गावात चला. तिच्या थोरल्या दिरासमोर सांगा की खिडक्यांचं खोटं होतं, बाईची चूक नव्हती."

"ते जमणार नाही."

"का?"

"त्या पट्ट्यात माझी आणखी कामं चालू आहेत. तिथं उभं राहून असं बोललो तर उद्या दुकान बंद करावं लागेल. तुम्ही धंदेवाले आहात शेठ, समजून घ्या. पैसे घ्या, विषय संपवा."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

दाराजवळच्या अळ्यांनी कोष केले. थोडेच, पण पांढरेशुभ्र आणि घट्ट. बहिणीने ते जालन्याला नेले, व्यापाऱ्याने बोटांनी दाबून बघितले आणि चांगला भाव लावला. घरी येऊन तिने पैसे थोरल्या दिराच्या समोर ठेवले. मी खरवडलेला बोर्ड घेऊन गेलो होतो, तोही ठेवला. त्याने बोर्डाकडे बघितलं, पैशाकडे बघितलं.

"तुम्ही भाऊ आहात तिचे, तुम्ही तिच्याच बाजूनं बोलणार," तो म्हणाला. "शेडवाला जाणकार माणूस. तो म्हणाला, हवा नव्हती. त्यानं येऊन सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

मेहुणे रात्रपाळी करून आले होते, भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी ट्रॅक्टर आला. तुतीची मुळं खोल असतात, सहज निघत नाहीत. नांगर अडला की ड्रायव्हर मागे घ्यायचा आणि पुन्हा पुढे. बहीण बांधावर उभी होती. मी म्हणालो, चल घरी. ती म्हणाली, "बघू दे. निदान कशानं गेलं ते तरी नीट बघू दे."

आता तिथं आलं आहे, हिरवंगार. गावात सांगतात, त्या बाईला अळ्या जमल्या नाहीत. लग्नाकार्यात बायका तिला विचारतात, का गं, तुझं ते रेशमाचं बंद पडलं म्हणे? आणि ती हसून म्हणते, व्हय, पडलं. तो शेडवाला मात्र अजून शेडं बांधतो.

शेडवाले, तुम्ही हे वाचाल की नाही, मला माहीत नाही. कोणीतरी वाचून दाखवेल. पैसे परत नकोत मला, पत्रे नकोत, तुमची माफीही मला नको. तुम्ही तिच्या सासरच्या अंगणात उभे राहून, थोरल्या दिराला ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं पाहिजे की अळ्या कशाने मेल्या. तुम्हाला ठाऊक होतं. मला सांगू नका, मी ते खरवडून बघितलंय. तिला सांगा. कधी येताय?